वादळ, साथ आणि फाटकाची किल्ली

प्रश्न असा आला आहे: "कोकणातल्या एका नगरपरिषदेत उद्यान विभागाचं काम नुकतंच माझ्याकडे आलं. सात बागा, एक मैदान, अकरा माळी. मुख्याधिकारी म्हणतात, पावसाळ्याआधी वादळाचा आराखडा द्या आणि साथीचंही एक पान जोडा. मे महिन्यातलं मुलांचं शिबिर, सकाळचे योगवर्ग, हास्यक्लब यांचं काय करायचं तेही त्यात हवं. सुरुवात कुठून करू?"

सुरुवात एक वाक्य खोडण्यापासून करा. "सदर कालावधीत उद्यान बंद ठेवण्यात येईल" हे ते वाक्य. बाग बंद करायला एक कुलूप आणि एक फलक पुरतो, पाच मिनिटांचं काम. बंद बागेत पाणी कोण घालणार, आणि उघडताना आधी काय उघडायचं नि शेवटी काय, हे ज्या कागदावर नाही तो आराखडा नव्हे, नोटीस झाली. खाडीकाठच्या एका महापालिकेत मी ३१ वर्षं उद्यान विभागात काढली, शेवटची ९ अधीक्षक म्हणून. २०२० पर्यंत दर मे महिन्यात मी नोटीसच लिहायचो आणि वर 'आराखडा' असं शीर्षक द्यायचो.

त्या वर्षी ३१ मे रोजी करोनाची टाळेबंदी सैल करणारा राज्य सरकारचा 'मिशन बिगिन अगेन'चा आदेश आला. ३ जूनपासून पहाटे ५ ते संध्याकाळी ७ मोकळ्या जागेत चालणं, धावणं, सायकल चालवणं याला परवानगी. दोन महिन्यांहून जास्त बंद असलेल्या फाटकांच्या बिजागऱ्यांना आम्ही तेल घातलं, चुन्याचे गोल आखले, बाकांवर एक सोडून एक फुली मारली. आणि नेमकं ३ जूनलाच निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी शंभर किलोमीटरहून जास्त. मुंबईत पोलिसांनी समुद्रालगतच्या चौपाट्या, बागा, फिरण्याच्या जागा यांवर जमावबंदी लावली. आमच्याकडेही तसाच निरोप आला. म्हणजे एकाच दिवशी, एकाच फाटकाबद्दल, एक कागद म्हणतो उघडा आणि दुसरा म्हणतो फिरकू देऊ नका. मुकादम किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन माझ्याकडे बघत होता.

म्हणून साथीचं पान वेगळं जोडू नका, दोन्ही एकाच पानावर लिहा. वादळाच्या आणि साथीच्या मागण्या उलट्या असतात आणि त्या एकाच वेळी येऊ शकतात. झाड पडलं की माणसं एकत्र यावी लागतात. एक करवत चालवतो, एक दोर धरतो, चौघं फांद्या ओढतात, आणि ओढताना खांद्याला खांदा लागतोच. साथ म्हणते, माणसं पांगवा. आम्ही माळ्यांच्या दोन तुकड्या केल्या, एकमेकींना कधीच न भेटणाऱ्या. हजेरीची जागा वेगळी, पाण्याचा माठ वेगळा, टेम्पो वेगळा. जुलैच्या शेवटी एका तुकडीतले दोघं पॉझिटिव्ह निघाले आणि ती अख्खी तुकडी घरी बसली. ५ ऑगस्टला कुलाब्याला ताशी १०६ किलोमीटरचा झोत नोंदला गेला, त्या संध्याकाळी आमची दुसरी तुकडी रस्त्यावर होती. तुमच्याकडे अकरा जण आहेत. सहा आणि पाच करा, आणि दोन्हीकडे करवत चालवणारा एक तरी असेल हे बघा. आमच्याकडे सुरुवातीला दोन्ही करवतवाले एकाच तुकडीत होते. हे लक्षात यायला मला आठवडा लागला.

आता झाडं, कारण वादळात बागेत माणूस मरतो तो बहुधा झाडामुळेच.

छाटणीचं वेळापत्रक आपल्याकडे 'पावसाळ्यापूर्वी', म्हणजे मे अखेर, असं ठरलेलं असतं. निविदा मार्चमध्ये निघते, कार्यादेश एप्रिलमध्ये, आणि ठेकेदाराची शिडीची गाडी मेच्या दुसऱ्या आठवड्यात उगवते. २०२१ साली तौक्ते चक्रीवादळ १७ मेला आलं. ते रात्री गुजरातेत उना-दीवच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं, पण जाता जाता दुपारी कुलाब्याला ११४ किलोमीटरचा झोत देऊन गेलं आणि सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस. मे महिन्यात! आमची छाटणी तेव्हा निम्मी व्हायची होती. माती फुगलेली, झाडं पानांनी भरलेली, आणि वारा असा की वेग दुप्पट झाला की झाडावरचा दाब चौपट होतो. त्या एका दिवसाने आमच्या खात्याला शिकवलं की धोकादायक झाडांची पाहणी जानेवारीत आणि छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकायला हवी. लेखा विभाग म्हणेल, आर्थिक वर्ष संपतंय, निधी नाही. तेव्हा त्यांना या तारखा दाखवा.

पाहणी म्हणजे काय, तर एक लाकडी मोगरी, एक लोखंडी सळई आणि एक जुना माळी घेऊन झाडाभोवती फिरणं. मोगरी मारल्यावर खोड पोकळ वाजतं का. बुंध्याशी भूछत्रं उगवली आहेत का. एका बाजूची माती भेगाळून वर आली आहे का, किंवा पेव्हर ब्लॉक एकाच बाजूला उचलले गेलेत का. झाड जन्मापासून वाकडं असेल तर फारसं काही नाही, ते त्या कलाने वाढलेलं असतं. गेल्या पावसाळ्यानंतर कललेलं झाड मात्र लाल यादीत टाका. दोन खोडं इंग्रजी व्हीसारखी फुटलेली असतील आणि सांध्यात साल आत दबलेली असेल तर तो सांधा फाटतो, गुलमोहरात हे फार.

झाडाची जात बघा, पण जातीवरच सगळं ढकलू नका. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेचा, आणि वादळानंतर सगळे म्हणतात परदेशी झाडं पडली. पडतात, खरं आहे. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, पर्जन्यवृक्षाचा पसारा अवाढव्य, त्यात मुंबईच्या पट्ट्यात मिलीबग किडीने ही झाडं आधीच खिळखिळी झालेली. पण मी पडलेल्या झाडांची मुळं बघत आलोय. निम्म्याहून जास्त ठिकाणी मुळं एका बाजूने सरळ रेषेत कापलेली असायची. केबलसाठी, गटारासाठी, जॉगिंग ट्रॅकच्या पायासाठी कोणीतरी चर खणलेला. ते पाप झाडाच्या गावाचं नाही. आमच्याच एका बागेत सुशोभीकरणाच्या नावाखाली वडाच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं होतं, फाइलवर सही माझीच. तुमच्या हातात असेल तर प्रत्येक बुंध्याभोवती मीटरभर तरी उघडी माती ठेवा, आणि कोणत्याही खात्याला बागेत खोदायचं असेल तर चर झाडापासून किती दूर हे तुमच्या सहीशिवाय ठरू देऊ नका.

छाटणीचीही एक गंमत आहे. आतल्या बारीक फांद्या साफ करून टोकाला तेवढा झुपका ठेवला की झाड 'स्वच्छ' दिसतं आणि ठेकेदाराचं बिल निघतं. वाऱ्यात मात्र तो झुपका तरफेसारखा काम करतो आणि फांदी मुळातून फाटते. वीज कंपनीची माणसं तारांच्या बाजूचं सगळं उडवून जातात, मग झाड दुसऱ्या बाजूला जड होतं. त्यांच्यामागून जाऊन तोल सावरावा लागतो. एका वेळी पसाऱ्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त काढू नका. नारळाच्या सुकलेल्या झावळ्या आणि तयार नारळ मेच्या पहिल्या आठवड्यात उतरवून घ्या. वादळात नारळ म्हणजे तोफगोळा.

तोडणी-छाटणीच्या परवानगीचं बघा. १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमाखाली तुमच्याकडे वृक्ष अधिकारी कोण, हे आजच विचारून घ्या. मी पाहिलंय, छोट्या गावात अनेकदा ज्याच्या नावावर ते पद असतं त्यालाच ते माहीत नसतं. नवीन लावायचं असेल तर किनाऱ्याला उंडी, करंज, भेंड, आत ताम्हण आणि बहावा. श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात निसर्ग चक्रीवादळाने नारळी-पोफळीच्या वाड्या कशा झोपवल्या हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असेल.

वादळाच्या दिवसाबद्दल थोडंच. हवामान खात्याचा नारिंगी इशारा आला की फाटक बंद, लाल आला की माळीसुद्धा बागेत नको. माळ्यांना चौकीत बसवून ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे, 'लागलं तर हाताशी असावेत' म्हणून. पत्र्याची चौकी, वर पर्जन्यवृक्ष, आत दहा माणसं, त्यात साथीचे दिवस. ३ जूनला मी हेच केलं होतं. काही झालं नाही हे नशीब. त्यांना घरी किंवा पक्क्या शाळेत बसवा आणि फोन चार्ज ठेवायला सांगा.

दुसऱ्या दिवशीचा क्रम मात्र पाठ करा. आधी तारा. पडलेल्या झाडाखाली तार आहे असं धरूनच चाला, आणि महावितरणचा माणूस येऊन पुरवठा तोडल्याचं सांगत नाही तोवर फांदीला हात नाही. मग वर अडकलेल्या, तुटून लोंबणाऱ्या फांद्या. त्या दोन दिवसांनी, वारा नसतानाही पडतात, आणि नेमक्या तेव्हा लोक बाग बघायला आलेले असतात. त्यानंतर वाटा, आणि आडवं पडलेलं खोड शेवटी. उन्मळलेल्या झाडाच्या मुळांचा गोळा उभा असतो, त्याच्या खड्ड्यात मुलं उतरतात. वरून खोड कापलं की वजन जातं आणि तो गोळा फटकन परत खड्ड्यात बसतो. तिथे खोड कापायच्या आधीच दोरी बांधा, माणूस उभा करा. पोरसवदा झाडं दोन दिवसांत सरळ करून बांबूचे तिकाटणे दिले तर जगतात. ४० वर्षांचं झाड क्रेनने उभं करून पुनर्रोपण केल्याचे फोटो छान येतात, पण माझ्या हातची अशी बहुतेक झाडं वर्षभरात वाळली. कोणतंही लाकूड हलवण्याआधी फोटो आणि पंचनामा. नुकसानभरपाईच्या आणि ठेकेदाराच्या, दोन्ही फायलींना तोच लागतो.

लाकडाचं काय करायचं, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण येईल. २०२० च्या दोन वादळांत पडलेलं लाकूड आम्ही मोठ्या बागेच्या मागच्या कोपऱ्यात रचून ठेवलं होतं. लिलावाला कोणी फिरकलं नाही. ते तिथे आठ-दहा महिने वाळत पडलं. एप्रिल २०२१ मध्ये एका रात्री आरोग्य विभागातून फोन आला की स्मशानभूमीत लाकूड संपतंय. आमच्याच टेम्पोतून, आमच्याच माळ्यांनी ते तीन दिवस वाहून नेलं. त्यातल्या एकाने मला विचारलं, साहेब, हा फाटकाजवळचा तो मोठा ना? मी हो म्हटलं.

साथीकडे वळू. मार्च २०२० मध्ये बागा बंद झाल्या तेव्हा सगळ्यांनी माणसांचा विचार केला, पाण्याचा नाही. उन्हाळा तोंडावर, लोकल बंद, निम्मे माळी लांब राहणारे, उरलेल्यांतून चौघं सर्वेक्षणाच्या ड्यूटीवर. अशा वेळी सगळीकडे थोडं थोडं पाणी घालण्याचा मोह होतो. तो टाळा. पहिलं पाणी तीन वर्षांच्या आतल्या झाडांना, मग रोपवाटिकेतल्या कुंड्यांना, मग कुंपणाच्या मेंदीला, आणि हिरवळीला शेवटी किंवा नाहीच. हरळीची हिरवळ पिवळी पडली तरी पहिल्या पावसात उठते. नगरसेवकांचा फोन मात्र हिरवळीसाठीच येतो. बागेजवळ राहणाऱ्या माळ्याकडे किल्ली आणि ओळखपत्र आधीच देऊन ठेवा. टाळेबंदीत त्याला पोलिसांनी अडवलं की तुमचा फोन लागेलच असं नाही.

बंद कारंजी आणि मुलांचे टायरचे झोपाळे यांत पाणी साचतं. ऑगस्टमध्ये आमच्या एका बागेशेजारच्या इमारतीत डेंग्यूचे रुग्ण निघाले आणि अळ्या सापडल्या आमच्या कारंज्यात. एका साथीसाठी कुलूप लावलं आणि दुसरीला आत पाळलं! तेव्हापासून कारंजी बंद करायची तर पूर्ण उपसायची, नाहीतर गप्पी मासे सोडायचे, हा नियम केला. टायरांना खाली भोक.

फवारणीचं वेड आम्हालाही होतं. एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट बाकांवर, घसरगुंडीवर, रोज दोनदा. महिन्यात झोपाळ्यांच्या साखळ्या गंजल्या, रंग उडाला, कडेची मेंदी जळाली. पुढे स्पष्ट होत गेलं की खरी अडचण श्वासाची, हवेची आहे आणि उघड्या हवेत धोका सर्वात कमी. साखळ्या बदलायचा खर्च फवारणीच्या खर्चाहून जास्त आला. पुन्हा अशी साथ आली तर ते पैसे हात धुण्याच्या नळांवर घाला.

वेळेबद्दल मी जरा भांडणार आहे. बाग उघडायची पण थोडाच वेळ, हा सरकारी स्वभाव. जून २०२१ मध्ये निर्बंधांची पाच स्तरांची पद्धत आली तेव्हा तिसऱ्या स्तरात बाग-मैदानाला पहाटे ५ ते ९ अशी वेळ होती. चार तासांत अख्खं गाव तिथे लोटतं. वेळ कमी केली की गर्दी वाढते, हे फाटकावरच्या रखवालदाराला पहिल्या दिवशी कळतं. शिवाय पहाटे येणारा कोण? ज्याला डबा करायचा नाही, पाणी भरायचं नाही, तो. एका खोलीत सहा जण राहतात त्या घरातली बाई आणि तिची मुलं दुपारी चारला मोकळी होतात, तेव्हा आमच्या फाटकाला कुलूप. आदेशाबाहेर जाता येत नाही, मान्य. पण जिथे स्थानिक पातळीवर ठरवायची मुभा असेल तिथे वेळ वाढवून मागा आणि ट्रॅकवर एकाच दिशेने चालायचा नियम करा.

गंमत म्हणजे आपल्या कित्येक बागा साथीनेच दिल्या आहेत. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, त्यातून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला, आणि दाट वस्तीतून माणसं मोकळ्या हवेत न्यायची म्हणून त्याने दादर-माटुंगा आखलं. तिथली फाइव्ह गार्डन्स त्याच आखणीतली. सव्वाशे वर्षांनी दुसरी साथ आली तेव्हा आपण पहिलं काम केलं ते बागांना कुलूप घालण्याचं. हे वाक्य आराखड्यात घालू नका, साहेबांना तोंडी सांगा.

कार्यक्रम कोणत्या क्रमाने सुरू करायचे याला माझी एक साधी पट्टी आहे: किती माणसं किती जोरात श्वास सोडतात. एकट्याचं चालणं पहिलं. मग अंतरावर बसून शांत योगासनं, दहा-दहाच्या गटात. मग मुलांची खेळणी. मग बॅडमिंटन, कबड्डीचा सराव. भजन आणि हास्यक्लब सगळ्यात शेवटी. १९९५ साली मुंबईत डॉ. मदन कटारियांनी सुरू केलेला हा प्रकार मला प्रिय आहे, पण वीस ज्येष्ठ नागरिक गोलात उभे राहून पोटातून हसतात तेव्हा साथीच्या दृष्टीने त्याहून वाईट रचना सुचणार नाही. आमच्या हास्यक्लबच्या आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते रागावले. मग त्यांनीच तोडगा काढला. रोज सकाळी एकेकाने फेरी मारायची आणि वाटेत भेटेल त्याला लांबूनच हात करायचा. कोण आला नाही हे त्यातून लगेच कळायचं. दोनदा असं न आलेल्या माणसाच्या घरी वेळेवर फोन गेला.

खेळण्यांच्या बाबतीत मी चुकलो. २०२० च्या जूनमधल्या सुधारित आदेशात झोपाळे, खुल्या व्यायामशाळेची साधनं यांना मनाई होती, ती पाळणं भागच होतं. पण ऑक्टोबरमध्ये बागा पूर्ण उघडायची परवानगी आली तरी मी खेळण्यांभोवतीची दोरी जानेवारीपर्यंत सोडली नाही. तक्रार नको, एवढंच कारण. मुलं दोरीखालून जाऊन खेळायचीच, फक्त रखवालदार त्यांच्या अंगावर ओरडायचा.

शिबिराचं आता. मे महिन्यातलं शिबिर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आणा, परीक्षा तोवर बहुधा संपलेल्या असतात. रोज सगळी मुलं एका बागेत न आणता सात बागांत पंधरा-पंधरा विभागा, म्हणजे साथ असली-नसली तरी रचना तीच राहते आणि एक बाग झाड पडून बंद झाली तरी बाकी सहा चालतात. प्रत्येक बागेसाठी पन्नास पावलांवरची एक पक्की इमारत ठरवून तिच्या किल्लीची नक्कल माळ्याकडे ठेवा. पालकांना पहिल्याच दिवशी लेखी द्या: नारिंगी इशारा असेल तर शिबिर नाही, फोनची वाट बघू नका. इशारा बहुधा आदल्या संध्याकाळपर्यंत येतो, सकाळी सहाला तुम्ही सात बागांना फोन करत बसणार नाही.

आणि त्या अकरा माळ्यांपैकी कंत्राटी किती आहेत ते कळवा. कंत्राटी असतील तर विमा, हातमोजे आणि हेल्मेट निविदेतच लिहावं लागेल, नंतर कोणी देत नाही. आमच्या निविदेतला तो परिच्छेद शोधून पाठवतो.